झडती

तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली.
सुटीचा भोंगा झाला की रांग,
दोन्ही हात वर.
शिपाई खिसे चाचपायचा, डब्याचं झाकण काढायचा,
उरलेल्या पोळीची घडीसुद्धा उलगडून बघायचा.
आतलं काही बाहेर न्यायचं नाही.
कोरा कपटासुद्धा नाही.
हा नियम अंगात इतका मुरला
की घरी जेवून उठतानाही मी खिसे चाचपायचो.
मार्था हसायची.

आणि आता, निवृत्त झाल्यावर,
फादर इग्नेशियस वेदीवरून म्हणतात,
तुमच्या आत आहे ते बाहेर न्या.
यंदा प्रत्येकाने एका तरी माणसाला सांगायचं.
काय सांगायचं, फादर?
तुम्हाला काय मिळालं ते.

काय मिळालं?
आजोबांना बाप्तिस्मा मिळाला संगमनेरकडच्या दुष्काळात,
धान्यासोबत, असं लोक म्हणतात.
आजोबा म्हणायचे, धान्य तर आठ दिवसांत संपलं.
पुढचं ते बोलायचे नाहीत.
आमच्या घराण्यात पुढचं कुणी बोललेलंच नाही.

पाच निळी पत्रकं मिळाली.
ती स्कूटरच्या डिकीत, पान्याच्या खाली.
हल्ली पत्रक पुढे केलं
की माणूस आधी चेहरा बघतो,
मग मोबाइल काढतो.
शिवाय मी बोलणारा नाही.
मी मोजणारा.

कारभारी बोराडे माझ्या शेजारच्या टेबलावर मोजायचा.
अठ्ठावीस वर्षं. एकच चुन्याची डबी.
जानेवारीत त्याची बायको बिटकोत होती,
मी रात्रीचा थांबायला गेलो.
बाहेर बाकावर, मफलर कानाला गुंडाळून,
तीन वाजता तो म्हणाला,
ए अमोलिक,
रोज सकाळी बंडल उघडायच्या आधी
कपाळाला, छातीला बोटं लावायचास.
मनात काय म्हणायचास?

हीच ती वेळ, फादर.
अख्खं वर्ष जिची वाट बघायला सांगितली होतीत, ती.
आणि मी खरं तेच बोललो:
म्हणायचो, देवा, आजचा मोज चुकू देऊ नको.
कारभारी इतका हसला
की नर्स दारात येऊन उभी राहिली.
मग डोळे पुसत म्हणाला,
तुझा मोज कधी चुकला नाही पण.
म्हण की हिच्यासाठी काहीतरी. मोठ्यानं म्हण, मला ऐकू दे.

दुसऱ्यासमोर मोठ्यानं मी कधीच म्हटलं नव्हतं.
दोनदा अडखळलो. पाठ असलेलंच अडखळलो.
भाकरीच्या ओळीशी आलो तेव्हा
तो हळूच म्हणाला, चार दिवस झाले रे तिनं तुकडा मोडला नाही.
पुढची ओळ मला सापडेना.
बसून राहिलो.
त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता की माझा त्याच्या,
आता आठवत नाही.

वहिनी सहाव्या दिवशी गेल्या.

दहाव्याला दसकच्या घाटावर
भटजी उरकत आले होते, पिंड मांडलेला,
कावळे पिंपळावर, उतरेनात.
लोक एकेक इच्छा बोलून बघत होते,
मुलीचं लग्न करू, गाय विकणार नाही.
कारभारीनं गर्दीत मान वळवून मला शोधलं.
तुझंही म्हण.
नळ्या दुमडून मी पायरी उतरलो,
घोट्याएवढ्या गोदेत उभा राहून
म्हणालो, या खेपेला शेवटपर्यंत.
कावळा कधी शिवला ते मी पाहिलं नाही.
डोळे मिटलेले होते.

रविवारी मिस्सा संपताना फादरनी विचारलं,
कुणी सांगितलं का कुणाला? हात वर करा.
बारा-तेरा हात वर झाले.
मार्थानं कोपर मारलं.
मी नाही केला.
हात वर करणं मला अजून झडतीसारखं वाटतं,
आणि माझ्याकडे सापडलं तरी काय असतं?
पत्रकं पाचच्या पाच आहेत,
पेट्रोलचा वास लागलेली.

काल कारभारीचा फोन होता.
तंबाखू सोडतो म्हणाला, खोटं.
मग जरा थांबला.
ते भाकरीचं, म्हणाला,
त्याच्या पुढे काय होतं रे?